सीटीत अचानक सापडलेली गाठ आणि एमआरआयला विचारायचा प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ६१ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पाठीत कळ आली म्हणून मूतखड्यासाठी सीटी स्कॅन केला. ५ मिलिमीटरचा खडा निघाला, तो पडूनही गेला. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती : डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २.३ सेंटिमीटरची गाठ, एमआरआय करून खात्री करावी. त्या दिवसापासून घरात कोणाला धड जेवण जात नाही. माझी मावशी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. आईला ८ वर्षं बीपी आहे, दोन गोळ्या चालू आहेत. परवाच्या तपासणीत पोटॅशियम ३.३ आलं. २०१६ साली अपघातात मांडीचं हाड मोडलं तेव्हा घातलेला रॉड अजून आत आहे. बंद जागेची तिला इतकी भीती की लिफ्टनं जात नाही. शेजारचे म्हणतात, एमआरआयच्या इंजेक्शननं किडनी जाते. मामेभाऊ म्हणतो, सुई घालून तुकडा तपासा, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. काय करू?
— एक मुलगी, कराड

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर आधी मी तुम्हाला उलट एक काम सांगितलं होतं, ते तुम्ही दोन दिवसांत केलंत. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण ज्या ओळीनं तुमच्या घरातलं जेवण बंद पाडलं, तिच्याबद्दल आधी.

अ‍ॅड्रिनल म्हणजे किडनीच्या वर बसलेली, हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी. पोटाचा सीटी दुसऱ्याच कारणासाठी काढला आणि अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ दिसली, असं दर शंभर प्रौढांमागे चार-पाच जणांच्या बाबतीत होतं. वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. यातल्या बहुतेक गाठी अ‍ॅडिनोमा जातीच्या असतात. म्हणजे ग्रंथीच्याच पेशींची साधी वाढ, जी पसरत नाही. आईंची गाठ २.३ सेंटिमीटर आहे. ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली की आम्ही जास्त सावध होतो. तेव्हा आकार आईंच्या बाजूनं आहे.

मावशी गेल्याचं दुःख मी समजू शकते, पण त्यांचा कॅन्सर आईंच्या अ‍ॅड्रिनलमध्ये येऊ शकत नाही. दुसरीकडून पसरून येणारी गाठ येते ती त्याच माणसाच्या कॅन्सरमधून, आणि आईंना तो कधी झालेला नाही. बहिणीला होता म्हणून आईंनी मॅमोग्राफी मात्र नियमित करून घ्यायला हवी. ती झाली नसेल तर याच महिन्यात करा. तो विषय वेगळा आहे, पण राहून जाऊ नये म्हणून इथेच सांगते.

आता ते काम. मी तुम्हाला सीटी सेंटरला फोन करून एकच गोष्ट विचारायला सांगितली होती : 'गाठीची घनता किती आहे, हाउन्सफील्ड युनिटमध्ये?' सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे हजार, चरबीचा उणे शंभराच्या आसपास. ज्यांच्या नावानं हे एकक आहे त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना सीटी स्कॅनसाठी १९७९ साली नोबेल मिळालं. मूतखड्याचा सीटी इंजेक्शन न देता काढतात, आणि अ‍ॅड्रिनलची गाठ मोजायला नेमका तसाच साधा सीटी लागतो. म्हणजे जे उत्तर शोधायला तुम्हाला पुढे पाठवत होते, त्यातलं निम्मं तुमच्या कपाटातल्या सीडीतच होतं. रिपोर्टमध्ये मात्र ते उतरलं नव्हतं. माझ्याच पेशातली ही चूक मी वारंवार बघते आणि दर वेळी वाईट वाटतं. गाठ आहे एवढं लिहायचं, एमआरआय करा असं लिहायचं, आणि हातात असलेला आकडा लिहायचा नाही. त्या एका आकड्यानं कितीतरी घरांची झोप वाचली असती.

गाठ सगळीकडून एकसारखी दिसते आणि आकडा १० किंवा त्याहून कमी आहे, असं असतं तर मी तुम्हाला लिहिलं असतं की एमआरआय करूच नका. अशी गाठ निरुपद्रवी मानली जाते आणि चित्रांचा विषय तिथे संपतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ साली जी मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, त्यांतही हेच आहे. तुम्ही कळवलेला आकडा १८ आहे, गाठ एकसारखी आहे, कडा स्वच्छ आहेत. हा मधला पट्टा. इथे वर्षभर थांबून पुन्हा सीटी काढता येतो, किंवा आत्ताच आणखी एक तपासणी करता येते. तुमच्या घरची अवस्था पाहता वर्षभर थांबा असं मी सांगणार नाही. एमआरआय करा. सर्वांत उपयोगी पडतो तो याच पट्ट्यात. आकडा ३०च्या पुढे गेला की त्याची धार बोथट होते.

हा एमआरआय कसला, ते नीट समजून घ्या, म्हणजे टेबलावर जाताना आईंच्या मनात अंधार राहणार नाही. अ‍ॅड्रिनलचा बाहेरचा थर कोलेस्टेरॉलपासून हार्मोन बनवतो. कच्चा माल म्हणून त्याच्या पेशी चरबीचे बारीक थेंब साठवून ठेवतात. अ‍ॅडिनोमा त्याच पेशींचा, म्हणून बहुतेक अ‍ॅडिनोमांतही ते थेंब असतात. बाहेरून पसरत आलेल्या गाठीत ते सहसा नसतात. त्यामुळे एमआरआयला आपण एकच प्रश्न विचारतो : या गाठीच्या पेशींत चरबी आहे का?

उत्तर मिळतं ते असं. नागपंचमीला एकाच फांदीला दोन झोके बांधलेत आणि त्यातला एक किंचित वेगानं हलतोय असं समजा. थोड्या थोड्या वेळानं ते दोन्ही एका बाजूला येतात, मधे एकमेकांच्या अगदी उलट जातात. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे कण असेच वागतात, चरबीतले थोडे मागे पडतात. नेहमीच्या दीड टेस्ला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये सेकंदाच्या हजारांश भागांत मोजलं, तर साधारण २.३ला ते उलट असतात आणि ४.६ला जुळलेले. मशीन दोन्ही क्षणी चित्र घेतं. जुळलेल्या क्षणी पाणी आणि चरबी यांची बेरीज होते, उलट्या क्षणी वजाबाकी. एकाच बारीक ठिपक्यात दोन्ही असतील तर वजाबाकीत तो ठिपका काळवंडतो.

पडद्यावर ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावली की बघत राहावं असं असतं. पहिल्यात किडनीच्या वर, पाठीच्या कण्याच्या डाव्या अंगाला करड्या रंगाची सुपारीएवढी गाठ. दुसऱ्यात तीच गाठ, त्याच जागी, डांबरासारखी काळी. शेजारची प्लीहा मात्र होती तशीच. आम्ही प्लीहेशी तुलना करतो, कारण यकृतात आपल्याकडे बऱ्याच जणांच्या चरबी असते आणि ते स्वतःच काळं पडून फसवतं. नुसत्या डोळ्यांवर न विसंबता मोजूनही घेतो. पहिल्या चित्रात १०० असलेली चमक दुसऱ्यात ६० झाली, तर घट ४० टक्के. १६.५ टक्क्यांहून जास्त घट असली की अ‍ॅडिनोमाकडे कौल जातो.

या पद्धतीला केमिकल शिफ्ट म्हणतात. थॉमस डिक्सन यांनी १९८४ साली पाणी आणि चरबी वेगळी दाखवण्याची रीत मांडली, म्हणून काही ठिकाणी रिपोर्टवर 'डिक्सन' असाही शब्द दिसेल. फॉर्मवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या : 'अ‍ॅड्रिनलसाठी केमिकल शिफ्ट एमआरआय, इन फेज आणि आउट ऑफ फेज'. नुसतं 'पोटाचा एमआरआय' असं लिहून गेलात तर लांबलचक तपासणी होईल, बिल वाढेल आणि घटीचा आकडा कदाचित कोणी मोजणारही नाही.

या प्रश्नाला इंजेक्शन लागत नाही. चरबी आहे की नाही हे पाहायला कुठलंही औषध शिरेतून द्यावं लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची भीती इथे लागूच होत नाही. (कधी गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं ते इंजेक्शन, द्यावं लागलंच, तरी काळजी असते ती किडनी आधीच फार खालावलेल्या रुग्णांची.)

गाठ काळी पडली, तर ती अ‍ॅडिनोमा. किडनीच्या आणि यकृताच्या काही कॅन्सरांच्या पसरलेल्या गाठींतही चरबी सापडू शकते, हे खरं आहे. पण आईंच्या किडन्या आणि यकृत त्याच सीटीत दिसले आहेत आणि तिथे तसं काही नाही. नाही काळी पडली, तर लगेच कॅन्सरचा अर्थ काढू नका. एखाद्या अ‍ॅडिनोमात चरबी इतकी कमी असते की गाठ काळी पडतच नाही. तेव्हा इंजेक्शन देऊन पंधरा मिनिटांत गाठीतून औषध किती धुऊन जातं हे दाखवणारा सीटी काढता येतो, किंवा वर्षानं पुन्हा मोजता येतं. आणि एक विचारते : २०१६च्या अपघातात मांडीबरोबर पोटाचाही सीटी काढला होता का? कपाटं, गाद्यांखालच्या पिशव्या, सगळं धुंडाळा. तेव्हाही हीच गाठ एवढीच होती असं निघालं, तर त्या जुन्या फिल्मइतकी पक्की साक्ष दुसरी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर एवढं लांब लिहावंसं वाटलं, ती सांगते. गाठ काय आहे हे एमआरआय सांगतो. ती काय करते आहे, हे त्याला दिसत नाही. अ‍ॅड्रिनल हा हार्मोनचा कारखाना आहे, आणि निरुपद्रवी दिसणारी गाठसुद्धा गुपचूप हार्मोन सोडत असू शकते.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका मोठ्या रुग्णालयात होते. पन्नाशीच्या एका बाईंची गाठ सुरेख काळी पडली होती. मी 'अ‍ॅडिनोमा' लिहिलं, वरिष्ठांनी सही केली, वॉर्डातल्या डॉक्टरांनी 'साधी गाठ आहे, घरी जा' असं सांगून फाइल बंद केली. रक्ताची एकही तपासणी झाली नाही. दोन वर्षांनी त्या परत आल्या त्या पाठीच्या मणक्याचा चुरा होऊन. कळशी उचलताना मोडला होता. तोवर शुगर वाढलेली, बीपी वाढलेलं. गाठ कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन थोडा थोडा सोडत होती आणि हाडं पोखरत होती. माझा रिपोर्ट चुकीचा नव्हता. पण त्यात 'हार्मोनच्या तपासण्या कराव्यात' एवढी एक ओळ मी लिहिली नव्हती. ती ओळ मी आजही प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहिते.

तुमच्या पत्रात 'पोटॅशियम ३.३' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबले. ८ वर्षांचं बीपी, दोन गोळ्या, कमी पोटॅशियम आणि अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ. हे चौघे एकत्र दिसले की अल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनची आठवण झालीच पाहिजे. तो जास्त झाला की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. जेरोम कॉन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५५ साली हा आजार मांडला. आता, दोनपैकी एक गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम तिच्यामुळेही कमी होऊ शकतं, म्हणून लगेच शिक्का मारू नका. पण अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (किडनीतून येणारं, अल्डोस्टेरॉनला चालना देणारं रसायन) ही रक्ततपासणी व्हायलाच हवी. त्याआधी पोटॅशियम भरून काढावं लागतं आणि काही गोळ्या बदलाव्या लागू शकतात. ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही घरी एकही गोळी बंद करू नका. हा आजार निघाला तर ती एका अर्थी चांगलीच बातमी असेल, कारण त्यावर नेमके उपाय आहेत. फक्त ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेली, तर हार्मोन खरंच डाव्या ग्रंथीतून येतोय का हे बहुधा दोन्ही बाजूंच्या शिरांतलं रक्त घेऊन बघतात. कधी कधी गाठ एकीकडे दिसते आणि हार्मोन दुसरीकडून येत असतो.

दुसरी तपासणी कॉर्टिसॉलची. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घ्यायचं (आपल्याकडे बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणजे दोन) आणि सकाळी ८ ते ९ या वेळात रक्त द्यायचं. निरोगी ग्रंथी या गोळीनं गप्प बसते आणि कॉर्टिसॉल १.८च्या खाली येतं. तिसरी मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांपासून शरीरात बनणारे पदार्थ), रक्तातली किंवा २४ तासांच्या लघवीतली. सीटीतला घनतेचा आकडा १०च्या आत असता तर ही वगळता आली असती. १८ आहे, म्हणून करायची.

या तिसऱ्या तपासणीतच तुमच्या मामेभावाला उत्तर आहे. त्यांची तळमळ खरी आहे, पण सुईचा सल्ला इथे धोक्याचा आहे. अ‍ॅड्रिनलच्या आतल्या भागातून फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते, ती अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं सोडते. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात ती पेटलेल्या दिव्यासारखी पांढरी दिसते, असं आम्हाला शिकवलं जातं. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा ती तशी दिसत नाही, त्यामुळे चित्रावर निर्धास्त होता येत नाही. अशा गाठीत सुई गेली तर बीपी काही क्षणांत जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. मेटानेफ्रिनचा निकाल येईपर्यंत सुईचं नावही काढायचं नाही. आणि तुकड्यावरून अ‍ॅडिनोमा की अ‍ॅड्रिनलचाच कॅन्सर, हे बऱ्याचदा ठरवताही येत नाही. आईंना सुईची गरज पडेल असं मला वाटत नाही.

मांडीतल्या रॉडचं ओझं मनावर घेऊ नका. हाडात घालायचे हल्लीचे रॉड टायटॅनियमचे किंवा चुंबक न धरणाऱ्या स्टीलचे असतात, आणि पोटाच्या चित्रापासून तो लांबही आहे. तरीही २०१६चं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि फॉर्ममध्ये रॉडचा उल्लेख करा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानात बसवलेलं यंत्र किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असणं, यांपैकी काही असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

यापुढचं आईंना वाचून दाखवा.

आई, पोटाच्या एमआरआयमध्ये पाय आधी आत घालून झोपवता येतं, मग डोकं बोगद्याच्या तोंडाजवळ राहतं. तसं करा म्हणून आधीच सांगा. आत दिवा असतो, वारा असतो, हातात रबराचा फुगा देतात. तो दाबला की माणूस लगेच येतं. लेकीला खोलीत तुमच्या डोक्याशी उभं राहू देतात, तिच्याही अंगावर किंवा अंगात धातू नसला म्हणजे झालं. ठकठक आणि घरघर असा मोठा आवाज येईल, तो मशीनचा नेहमीचा आवाज आहे. कानात बोळे मिळतील. तरीही छाती दडपते असं वाटलं, तर आदल्या दिवशी डॉक्टरांकडून एखादी सौम्य गोळी लिहून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसांच्या पिना घरीच काढून ठेवा. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात, आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात पाय बुडवून बसलं की निघतात. गळा मोकळा ठेवायला जड वाटतं, हे मला ठाऊक आहे. साताऱ्याकडच्या एक आजी हळदीत भिजवलेला दोरा गळ्यात बांधून आल्या होत्या. त्यात धातू नाही, तो खुशाल राहू द्या. जरीची साडी मात्र नको.

एक गोष्ट आजपासून सुरू करा. चित्र घेताना 'श्वास घ्या, सोडा, आता थांबा' असं सांगतील आणि पंधरा-वीस सेकंद थांबावं लागेल. असं चार-पाच वेळा होईल. श्वास हलला की ग्रंथीही हलते आणि चित्र पुसट येतं. रात्री जेवणानंतर तासाभरानं आडवं पडून सराव करा : श्वास सोडायचा, पोट सैल ठेवायचं आणि लेकीनं मोठ्यानं आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी दहापर्यंत जाल, चार दिवसांत विसापर्यंत.

ताई, रक्ताच्या तपासण्यांसाठी एमआरआयची वाट पाहू नका, दोन्ही गोष्टी बरोबरच चालू द्या. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ, ज्यांना एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांची वेळ याच आठवड्यात घ्या. जाताना सीटीची सीडी, पोटॅशियमचा कागद आणि बीपीच्या दोन्ही गोळ्यांची पाकिटं न्या. एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की घटीचा टक्का मला कळवा. लिहिलेला नसेल तर सेंटरमधून हलू नका, मोजून लिहून द्या म्हणून सांगा.